पास्कलभाऊची अर्धी माळ

सिंदी रेल्वे या गावच्या फाटकावर पास्कलभाऊ गेटमन होते तेव्हा मालगाडी धडधडत जात असली, तरी पलीकडच्या बैलबंडीवाल्याला त्यांनी घातलेली शिवी स्पष्ट ऐकू जायची. रिटायर होताना त्यांनी शिट्टी, कंदील आणि दोन झेंड्या रेल्वेला परत केल्या, पण आवाज काही परत केला नाही. तो घरी आणला आणि रोज दिवेलागणीला मरियामातेच्या सेवेला लावला. माळेचं एकेक रहस्य ते असं पुकारायचे, की जणू अप लाइनवर गाडीच येते आहे.

त्यांच्या बायकोला सारं गाव सिसिलीबाई म्हणतं. आपण सिसिलीच म्हणू, ती रागावणार नाही. ती मुळातच हळू बोलणारी. अशा नवऱ्याशी संसार करायचा तर घरात एकानं हळू बोललेलंच बरं, असं तिनं फार पूर्वी ठरवून टाकलं होतं.

कॅथलिक घरातली जपमाळ दोघांत म्हटली तर वाटून म्हणतात. प्रत्येक मण्याला एकानं 'नमो मरिये' म्हणून पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि दुसऱ्यानं 'हे पवित्र मरिये' म्हणत उरलेला अर्धा पुरा करायचा. दहा मणी झाले की एक रहस्य होतं, म्हणजे येशूच्या आणि त्याच्या आईच्या आयुष्यातला एक प्रसंग. तो डोळ्यांसमोर धरून मणी ओढायचे. अशी पाच रहस्यं झाली की माळ पुरी. जो पुढाकार घेतो तो सुरुवातीला हेतू ठेवतो, आजची माळ अमक्यासाठी म्हणून. या घरात पुढाकार पास्कलभाऊंचा आणि उत्तर सिसिलीचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ही वाटणी झाली ती कधी बदलली नाही.

सिसिलीची नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती आणि ती जुनी होती. तो तिच्यासाठी थांबायचा नाही. संध्याकाळी शेळी बांधून, कोंबड्या डालून, हातपाय धुऊन ती लगबगीनं ओसरीत यायची, तेव्हा गडी सुरुवात करून मोकळा झालेला असायचा.

"दोन मिनिटं थांबले त काय मरियामाता पळून जाते का?" ती म्हणायची.

"तू ये ना सावकाश. मी मोठ्यानं म्हणून राह्यलो, तुले तिथून आइकू येते," ते म्हणायचे आणि मणी पुढे सरकवायचे.

त्यामुळे हेतू काय ठेवला हे तिला कधीच कळलं नाही. ती आपली समजून चालायची की माणूस पावसासाठी म्हणत असेल, नाहीतर पोपसाहेबांसाठी.

ओसरीची एक बाजू टिनाच्या पत्र्याची होती. मरियामातेची तसबीर त्या पत्र्यावरच टांगलेली, म्हणून पास्कलभाऊ पत्र्याकडे तोंड करून बसत. पत्र्याच्या पलीकडे अन्नपूर्णाबाईंचा गॅस. अन्नपूर्णाबाई बौद्ध, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाणाऱ्या आणि देवाबिवाचं नाव काढलं की भुवई चढवणाऱ्या. पण स्वयंपाकाचं घड्याळ त्यांनी बिनदिक्कत शेजारच्या माळेला बांधून टाकलं होतं. पास्कलभाऊंनी सुरुवात केली की डाळ चढवायची, तिसरं रहस्य पुकारलं की तांदूळ वैरायचे आणि शेवटची स्तुती लागली की पोळ्यांना बसायचं. इतक्या वर्षांत त्यांची डाळ कधी लागली नाही, याचं श्रेय मात्र त्या स्वतःच्या हाताला देत.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात पास्कलभाऊ दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. वर्ध्याच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. नागपूरहून मुलगी आली, रोझलिन. ती आठवडाभर राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी माळा म्हटल्या, फादरांनी त्यांच्या नावानं मिस्सा-प्रार्थना केली. मग सगळे आपापल्या घरी गेले. त्या संध्याकाळी सिसिलीनं शेळी बांधली, कोंबड्या डालल्या, आणि उशीर झाला म्हणून रोजच्यासारखी लगबगीनं आत आली. ओसरीत कोणी सुरुवात केलेली नव्हती.

ती पत्र्यासमोर बसली. त्यांच्यासाठी निदान आपल्या हातानं, आपल्या घरात एक माळ म्हणावी, एवढंच तिच्या मनात होतं. पहिला मणी धरला, तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं 'हे पवित्र मरिये'. ती थांबली. पुन्हा धरला, पुन्हा तेच. पहिल्या भागाचे शब्द तिला ठाऊक नव्हते असं नाही. जन्मभर कानांवर पडलेले शब्द ते. पण ते म्हणायचे म्हणजे त्यांची चप्पल पायांत घालून बाहेर निघाल्यासारखं वाटायचं. मणी धरून ती गप्प बसून राहायची, आता कोणी म्हणेल मग आपण उत्तर देऊ, अशी. म्हणणारं कोणी नव्हतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तिची माळ काही पहिल्या मण्याच्या पुढे गेली नाही. रोझलिननं फोनवर उपाय सांगितला.

"मम्मी, मोबाइलवर लावत जा ना. तो माणूस म्हणते, तू फक्त उत्तर दे."

सिसिलीनं लावून पाहिलं. तो माणूस गाडी सुटत असल्यासारखा भरभर म्हणत होता, तिचं उत्तर व्हायच्या आत पुढच्या मण्यावर जात होता, आणि तिसऱ्या रहस्यात येशूच्या जन्माच्या वेळी एकदम सिमेंटची जाहिरात लागली. तिनं मोबाइल बंद करून उशीखाली ठेवला. फादरांना सांगावं तर काय सांगणार? पाप म्हणावं तर पाप नाही, आजार म्हणावा तर ताप नाही. घरच्या माणसासाठी अर्धं वर्ष आपल्या हातून एक माळ झाली नाही, ही गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नाही. आतल्या आत मात्र ती तिला खात होती.

मग ऑक्टोबर आला. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. त्या महिन्यात मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते. सिंदीत कॅथलिक घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून प्रत्येकाकडे ती पुन्हा पुन्हा येते. संध्याकाळी मूर्ती घरात आली की सगळे जमतात, घरधनी पुढाकार घेतो, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मूर्ती त्या घरी मुक्कामाला असते. मूर्तीची ने-आण लिसीकडे. ती केरळची, सेवाग्रामला दवाखान्यात नर्स, नवरा रेल्वेत. मूर्ती शालीत गुंडाळून ती स्कूटीवर पायांशी उभी करायची आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मातेची माफी मागत यायची.

"यंदा माझ्याकडे नको ठेवू," सिसिली तिला म्हणाली.

"अय्यो आंटी, असं कसं? आपल्या अंकलचं घर सोडून माता पुढे जाईल का?" लिसी म्हणाली. झालं, शुक्रवार ठरला.

शुक्रवारी ओसरी माणसांनी भरली. सिसिलीनं पांढऱ्या कापडावर मूर्ती ठेवली, शेवंतीची फुलं वाहिली, मेणबत्ती लावली. क्रुसाची खूण झाली, सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते मिळून म्हणून झालं. मग सगळे सिसिलीकडे बघू लागले. तिनं मणी धरला, डोळे मिटले आणि जोर करून सुरुवात केली.

"हे पवित्र मरिये, देवाच्या माते…"

माणसांना सवय अशी, की पुढचा थांबला की आपण उत्तर द्यायचं. ते 'हे पवित्र मरिये' म्हणून मोकळे झाले. दुसऱ्या मण्याला पुन्हा तसंच. पुढचाही अर्धा तोच, मागचाही अर्धा तोच. एक लहान पोरगी फिसकन हसली, तिच्या आईनं तिला चिमटा काढला. तिसऱ्या मण्याला सिसिलीच्या तोंडातून काहीच आलं नाही.

लिसीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आंटीचा घसा बसलाय," ती सगळ्यांना म्हणाली, जगाच्या शांतीसाठी म्हणून हेतू ठेवला, आणि पुढची सगळी माळ तिनं म्हटली. सिसिलीनं उत्तरं दिली, एकही चुकलं नाही. पण ती माळ लिसीची होती आणि जगाच्या शांतीसाठी होती. पास्कलभाऊंसाठी तिच्या हातून अजून झालीच नव्हती. माणसं चहा पिऊन, तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली, तेव्हा तिला इतकी लाज वाटली की मूर्तीकडे न बघताच तिनं मेणबत्ती विझवली.

सकाळी ती अंगण झाडत होती तेव्हा अन्नपूर्णाबाई हातात पातेलं घेऊन आल्या. पातेल्याच्या तळाला काळी डाळ चिकटलेली होती.

"हे पाय," त्या म्हणाल्या. "काल पुन्हा लागली. काऊन वं सिसिली, ते नर्सबाई कोनाची माळ म्हणून राह्यली होती?"

"आपलीच. दुसरी कोणती राह्यते?"

"आपली अशी नाई राह्यत. तिनं सुरुवातच सोडून देल्ली."

"केली ना सुरुवात. मी केली. ते चुकलं…"

"ते नाई म्हणत मी. ते त मी बी आइकलं. त्याच्याही आधीचं. भाऊ म्हणत ते."

"हे काय म्हणत?"

अन्नपूर्णाबाईंनी पातेलं ओट्यावर ठेवलं.

"तुले माईत नाई?"

सिसिलीनं मान हलवली. अन्नपूर्णाबाई ओसरीत आल्या, पत्र्यासमोर पास्कलभाऊ बसत तिथे उभ्या राहिल्या, आणि तसबिरीच्या खाली तोंड नेऊन, आवाज अगदी पाडून म्हणाल्या, "माय, आजची माळ माह्या सिसिलीची."

झाडू हातात घेऊनच सिसिली त्यांच्या मागोमाग आली होती.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज. कधी तुह्या गुडघ्याची, कधी तुह्या खोकल्याची. रोझलिनच्या लग्नानंतर तुह्या डोयाचं पानी थांबत नव्हतं, तवा आठ दिवस त्याच्यासाठीच. एक दिवस म्हणे, माय, आज भाजीत मीठ लय झालं, मी काई बोललो नाई, तेवढं ध्यानात ठेव." अन्नपूर्णाबाईंना हसू आलं. "बाकी सारं गावभर आइकू जाये. पण हे हळू म्हणत. आता हळू म्हटलं तरी माह्या कानापाशीच ना. मधात पत्रा काय तो."

"मले कधी सांगितलं नाई तू."

"नवरा-बायकोतलं ते. मले वाटलं, तुले माईत असन."

"माझ्यासाठी थांबत नव्हते ते. रोज भांडली मी त्याच्यावरून."

"तू आल्यावर कसे म्हणतील? मानसाले लाज नाई वाटत का?"

सिसिली ओसरीतल्या वेताच्या मोड्यावर बसली. पदर तोंडाला लावून ती रडली, मोठ्यानं रडली. त्यांना पुरलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. जन्मभर ज्याचा राग धरला, ते नेमकं काय होतं हे तिला आज कळत होतं, आणि आता सांगायला माणूस नव्हता. अन्नपूर्णाबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी तिला गप्प केलं नाही.

"अजून एक हाय," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "होळीच्या सुमाराले म्हणत होते. माय, तुह्यापाशी मी आधी आलो त सिसिलीपाशी कोनी तरी बसव. आता ते तुमच्या मरियामायले म्हणून राह्यले होते. पण मधात मी होती. आइकलं त आइकलं."

शेळी बाहेर ओरडत होती, तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मग सिसिलीनं इतके महिने जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते अन्नपूर्णाबाईंना सांगितलं. पहिला अर्धा भाग तोंडातून निघत नाही, नुसतं उत्तर येतं, आणि त्यांच्यासाठी अजून एकही माळ झाली नाही.

"एवढंच ना? पयलं अर्धं त माह्यापाशी हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तुह्यं अर्धं मात्र मले येत नाई. तू अशी बोलतं, की पत्र्याच्या पल्याड काई येतच नाई. चाल, धर तुही माळ. मी म्हणतो, तू उत्तर दे. पण आधीच सांगून ठेवतो, मी हात जोडणार नाई आन् माळ धरणार नाई. ते तुमचं तुमच्यापाशी. भाऊचं जेवढं माह्यापाशी राह्यलं, तेवढं घेऊन घे."

सिसिलीच्या मनात फादर येऊन गेले. असं चालतं का, कोणाला विचारावं का? तिनं मूर्तीकडे बघितलं. मरियामातेची काही हरकत दिसली नाही.

शनिवार होता, म्हणजे येशूच्या जन्माभोवतीची आनंदाची रहस्यं. अन्नपूर्णाबाईंनी घसा खाकरला, तोही पास्कलभाऊंसारखा. "माय, आजची माळ सिसिलीची," त्या म्हणाल्या. "मले दुसरा हेतू पाठ नाई." आणि मग सगळी आळी दणाणेल अशा आवाजात त्यांनी सुरू केलं, नमो मरिये, कृपापूर्णे. जिथे भाऊ श्वास घेत तिथेच श्वास, जिथे ते शब्द गिळत तिथेच गिळलेला शब्द. सिसिलीनं डोळे मिटून उत्तर दिलं. मणी सरकला. पुढचाही सरकला.

पहिलं रहस्य झालं. अन्नपूर्णाबाईंनी दुसरं पुकारलं, गाडी पुकारल्यासारखं, आणि पास्कलभाऊ दर शनिवारी सांगत तसंच पुढे सांगितलं.

"मरिया एलिझाबेथच्या भेटीले जाते! डोयासमोर आना. सिंदीहून आष्टीले पायी निघाल्यावानी लांब रस्ता. ऊन हाय. पोटात लेकरू हाय. तरी जाते, काऊन का तिकडं तिले म्हातारपणी दिवस गेले, एकटीले जड जाऊन राह्यलं. दारात उभी राहून हाक मारते."

कित्येक महिन्यांत सिसिलीला मिटल्या डोळ्यांपुढे काही दिसलं नव्हतं. आज रस्ता दिसला, ऊन दिसलं, दार दिसलं. फक्त दारात उभ्या असलेल्या मरियेच्या हातात डाळ लागलेलं पातेलं होतं. तिला हसू आलं आणि एक मणी चुकला.

"चुकली तू," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पुन्हा घे."

तिसऱ्या रहस्यापर्यंत त्या बसल्या. मग सवयीनं उठल्या. "तांदूळ वैराचे हायेत मले," म्हणाल्या, आणि पातेलं घेऊन चालत्या झाल्या. अंगणाच्या फाटकापाशी वळून म्हणाल्या, "संध्याकाळी जरा मोठ्यानं म्हणजो वं बाई. किती दिवस करपलेली डाळ खाऊ आमी?"

संध्याकाळी लिसी मूर्ती न्यायला आली. "चला आंटी, आज आमच्या घरी," ती म्हणाली.

"तू हो पुढे. मी मागून येतो. घरी एक काम राह्यलं माझं."

स्कूटीचा आवाज वळणापलीकडे गेला. सिसिलीनं शेळी बांधली, कोंबड्या डालल्या, हातपाय धुतले, आणि उशीर झाल्यासारखी लगबगीनं ओसरीत आली. ते बसत त्या जागी बसली, तसबिरीखाली, पत्र्याच्या अगदी जवळ. सिसिलीनं आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. दवाखान्यात विचारलं तर रोझलिनकडे बघायची, मिस्सेच्या वेळी फादरांनी विचारलं तेव्हाही रोझलिननंच सांगितलं. आता इथे रोझलिन नव्हती.

"माय," ती हळू म्हणाली, "आजची माळ माझ्या पास्कलची."

नाव ओठांतून निघालं आणि तिचे कान गरम झाले, नव्या नवरीचे होतात तसे. तिनं पुढे म्हटलं, "त्यांना सांग, माझा राग गेला."

मग तिनं मणी धरला, छाती भरून श्वास घेतला, आणि 'नमो मरिये' असं म्हटलं की डालीतल्या कोंबड्या फडफडल्या. शब्द एकामागून एक आले. अर्ध्यावर येऊन ती सवयीनं थांबली. ओसरी शांत होती. तिनं श्वास सोडला आणि उरलेला अर्धा भाग आपल्या नेहमीच्या हलक्या आवाजात म्हटला. एक मणी पुरा झाला. पुढचा धरला, पुन्हा पहिला अर्धा मोठ्यानं, त्यांचा, आणि दुसरा हळू, तिचा.

पत्र्यापलीकडे लायटर टकटकला. अन्नपूर्णाबाईंनी डाळ चढवली.